खात्यावर पडलेल्या पंधराशेनं गरिबी किती हलते?

नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यातलं पाच माणसांचं एक घर डोळ्यांसमोर आणा. थोडा भात, थोडी नागली आणि वर्षातले काही महिने दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरी. सगळं धरून महिन्याची सरासरी साडेसात हजार रुपये. नीट जगायला दहा हजार लागतात असं समजू. हे आकडे मी हिशेब सोपा जावा म्हणून घेतलेत, कुणाच्या सर्वेक्षणातले नाहीत. आता या घरातल्या बाईच्या खात्यावर 'लाडकी बहीण'चे १५०० पडले. साडेसातचे नऊ हजार झाले. रेषा दहावर आहे. म्हणजे मोजणाऱ्याच्या कागदावर हे घर काल गरीब होतं, आजही गरीबच.

शेजारच्या घरात ८,८०० येतात. त्यांनाही तेच १५०० मिळाले आणि घर १०,३०० वर गेलं. कागदावर एक कुटुंब दारिद्र्यरेषेच्या वर आलं. अधिवेशनात सांगायला एक आकडा वाढला.

आता तूट बघा. पहिल्या घराची अडीच हजारांची तूट एक हजारावर आली. दुसऱ्या घराची बाराशेची तूट भरली आणि वर तीनशे उरले. पोराला डेंग्यू झाला की ते घर पुन्हा खाली. गरिबी मोजायची अशी दोन मापं आहेत. किती लोक गरीब आहेत हे एक, आणि ते रेषेच्या किती खाली आहेत हे दुसरं. थेट पैसे देणाऱ्या योजना दुसऱ्या मापावर जवळजवळ हमखास परिणाम करतात. पहिल्यावर करतीलच असं नाही. 'एवढे हजार कोटी वाटले, मग गरिबी हटली का?' असं विचारणारा माणूस पहिलं माप धरून बोलत असतो आणि पैसे मिळणारी बाई दुसऱ्या मापातून उत्तर देत असते. म्हणून या विषयावरचे बहुतेक वाद कुठेच पोहोचत नाहीत.

महाराष्ट्राला अशा योजना नव्या नाहीत. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. तिला गावाकडे 'निराधारचा पगार' म्हणतात. २०१९ पासून पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या हप्त्यात. त्यावर २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,०००. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५,०००. आणि जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण': वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. ज्या शेतकरी महिलांना पीएम-किसान आणि नमो मिळून महिन्याला सरासरी हजार मिळतात, त्यांना यातून फक्त फरकाचे ५०० मिळतात. हे माहीत नसल्यामुळे 'माझेच हजार कुणी कापले' म्हणून सेतू केंद्रावर किती भांडणं होतात, ते एकदा कळवण किंवा पेठच्या केंद्रावर उभं राहून बघावं.

जगात या प्रकारच्या योजनेची पद्धतशीर सुरुवात मेक्सिकोनं १९९७ मध्ये केली. 'प्रोग्रेसा' तिचं नाव. अर्थतज्ज्ञ सांतियागो लेव्ही तेव्हा तिथल्या अर्थखात्यात होते. पैसे आईच्या हातात द्यायचे, पण अट अशी की मुलं शाळेत गेली पाहिजेत आणि दवाखान्यात तपासणी झाली पाहिजे. लेव्हींनी आणखी एक शहाणपणा केला. योजना सगळीकडे एकदम सुरू करणं शक्यच नव्हतं. मग ५०६ गावं निवडली, त्यातल्या ३२० गावांत योजना आधी सुरू केली आणि १८६ गावांत उशिरा. कोणतं गाव आधी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे दोन्हीकडची गावं सारखीच होती आणि पुढे जो फरक दिसला तो योजनेचा म्हणता आला. आपल्याकडे एखादी योजना येते ती सगळीकडे एकाच दिवशी, बहुधा निवडणुकीच्या तोंडावर. त्यामुळे नंतर 'बाजारात गर्दी वाढली ती लाडक्या बहिणीमुळे की कांद्याला भाव होता म्हणून' हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही.

मेक्सिकोत काय दिसलं? मुलं, आणि त्यातही मुली, प्राथमिकनंतर शाळा सोडण्याऐवजी पुढच्या वर्गात जाऊ लागल्या. मात्र परीक्षा घेतल्यावर त्यांना येत किती होतं, यात फारसा फरक आढळला नाही. पैशानं मूल शाळेच्या दारापर्यंत गेलं. आत मास्तर काय शिकवतात, हे पैशाच्या हातात नव्हतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. घरांनी दर एका पेसोतले सुमारे ७४ सेंट खाण्यापिण्यावर आणि इतर घरखर्चावर खर्च केले आणि उरलेले गुंतवले. कुणी कोंबड्या घेतल्या, कुणी जनावर, कुणी छोटा धंदा सुरू केला. हे पैसे कुणी त्यासाठी दिले नव्हते. दर दोन महिन्यांनी रक्कम येणारच याची खात्री झाल्यावर लोकांनी थोडी जोखीम घ्यायचं धाडस केलं.

ब्राझीलनं २००३ मध्ये आधीच्या चार-पाच योजना एकत्र करून 'बोल्सा फामिलिया' आणली. ती देशाच्या जवळपास चौथ्या हिश्श्यातल्या लोकांपर्यंत गेली, आणि खर्च मात्र राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहिला. कारण रक्कम लहान होती आणि ती खरोखर तळाच्या घरांना मिळत होती.

आता चहाच्या टपरीवरच्या आक्षेपांकडे येऊ. पहिला: 'फुकटचे पैसे मिळाले की लोक काम सोडतात.' अभिजित बॅनर्जी, रेमा हॅना, गॅब्रिएल क्राइंडलर आणि बेन ओल्केन यांनी होंडुरास, इंडोनेशिया, मोरोक्को, मेक्सिको, निकाराग्वा आणि फिलिपिन्स या सहा देशांतल्या सात योजनांचे आकडे एकत्र तपासले. काम कमी झाल्याचा ठोस पुरावा एकाही ठिकाणी सापडला नाही. द्राक्षबागायतदार म्हणतात की मजूर मिळत नाहीत. त्यांचं दुखणं खरं आहे. पण पंधराशे रुपयांत पाच माणसांचं घर दहा दिवसही चालत नाही. ऐन छाटणीत मजूर का मिळत नाही, याचं उत्तर मजुरीचा दर आणि बागांचं वाढलेलं क्षेत्र यांत आधी शोधावं.

दुसरा आक्षेप: 'सगळं दारूत जातं.' डेव्हिड इव्हान्स आणि अॅना पोपोव्हा यांनी या एकाच प्रश्नावर १९ अभ्यास चाळले. दारू आणि तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही; बऱ्याच ठिकाणी थोडा घटलाच. पिणारा माणूस पैसे नसतानाही पितो, हे प्रत्येक गावाला माहीत आहे.

मध्य प्रदेशात २०११-१२ च्या सुमारास 'सेवा' संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं काही गावांत असाच प्रयोग केला. प्रत्येक प्रौढाला सुरुवातीला महिन्याला २०० रुपये, मुलामागे १००, कसलीही अट नाही. खाणं सुधारलं, मुलांची शाळेतली हजेरी वाढली, आणि आदिवासी गावात लोकांनी बी-बियाणं-खतावर पैसे घालून स्वतःच्या शेतात जास्त काम केलं. शेवटचा मुद्दा आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांना लागू पडणारा आहे. त्र्यंबक-इगतपुरीकडची कितीतरी कुटुंबं पावसाळ्याच्या शेवटी घरात दाणा नसतो तेव्हा वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतात आणि मग सगळा हंगाम ती फेडत बसतात. 'जगायला जाणं' असं ते म्हणतात. अशा वेळी, भाद्रपदात, हातात आलेले दोन-तीन हजार म्हणजे उचल न घेण्याची किंवा निदान कमी घेण्याची मुभा. तेच पैसे भात कापून झाल्यावर आले तर त्यांचं मोल निम्मंही राहत नाही. वर्षाचे बारा हप्ते मोजणाऱ्या माणसाला हा फरक दिसत नाही.

पैसे कुणाच्या हातात जातात, यानंही फरक पडतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संपता संपता, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, कृष्णवर्णीय वृद्धांना भरघोस पेन्शन मिळू लागली. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी त्या घरांतल्या लहान मुलांचं वजन-उंचीचं माप पाहिलं. आजीला पेन्शन मिळत होती त्या घरातल्या नाती अंगानं सुधारल्या होत्या. आजोबांना मिळत होती तिथे तसा परिणाम दिसला नाही. घर तेच, रक्कम तीच. 'लाडकी बहीण'वर मत काहीही असो, पैसे बाईच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यावर जातात ही त्यातली सर्वांत भक्कम गोष्ट आहे. मोबाइल नंबर मात्र बऱ्याचदा नवऱ्याचा असतो, आणि हप्ता पडल्याचा मेसेज आधी त्याला जातो. तो भाग कुठल्याच शासन निर्णयात येत नाही.

या विषयातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग बाजाराचा आहे. तिथे दोन देशांची उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि दोन्ही खरी आहेत.

केनियातल्या सियाया भागात ६५३ गावांचा एक मोठा प्रयोग झाला. सुमारे साडेदहा हजार गरीब घरांना प्रत्येकी हजार डॉलरच्या आसपास रक्कम दिली गेली. ज्यांना पैसे मिळाले नाहीत त्यांचंही उत्पन्न आणि खर्च वाढला, कारण मिळालेल्यांनी गावातल्याच दुकानातून पत्रे, धान्य, कपडे घेतले, गावातलाच सुतार-गवंडी लावला. एका डॉलरमागे त्या भागात अडीच डॉलरच्या आसपास उलाढाल झाली. महागाई? फक्त ०.१ टक्का. दुकानदार तसेही गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेले असल्यामुळे भाव न वाढवता त्यांना जास्त विकता आलं.

फिलिपिन्समध्ये उलट झालं. दुर्गम आणि जिथे बहुसंख्य घरांना योजना लागू होती अशा गावांत अंड्यांसारख्या लवकर खराब होणाऱ्या, बाहेरून सहज न येणाऱ्या वस्तूंचे भाव चढले. परिणाम असा की ज्यांना पैसे मिळत नव्हते त्या घरांतल्या मुलांची वाढ खुंटण्याचं प्रमाण वाढलं. मेक्सिकोतही एका तुलनेत दिसलं की रोख रकमेऐवजी धान्य-डाळ दिली तिथे गावातल्या दुकानातले भाव थोडे उतरले, आणि हा फरक दूरच्या गावांत जास्त होता.

नाशिक जिल्ह्यात या दोन्ही गोष्टी शंभर किलोमीटरच्या आत सापडतात. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, ओझर इथे पैसा आला तर माल लगेच येतो. चार दुकानं आणि चार टेम्पो तयार असतात. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातल्या पाड्यावर आठवड्याचा बाजार हाच बाजार, आणि पावसाळ्यात रस्ता खचला की तोही नाही. तिथे पंधराशे रुपयांची किंमत पंधराशे नसते. जीपभाडं वजा करा, वाण्याचा चढा भाव वजा करा, बुडालेली मजुरी वजा करा.

म्हणूनच रोख की वस्तू या प्रश्नाचं एकच उत्तर नाही. नाशिकनं तर हा वाद अगदी जवळून पाहिला आहे. आदिवासी विकास आयुक्तालय इथलं, आदिवासी विकास महामंडळही इथलंच. या महामंडळामार्फत पावसाळ्यातल्या टंचाईसाठी आदिवासी कुटुंबांना खावटी कर्ज दिलं जायचं. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, त्याचं पूर्ण अनुदान झालं: कुटुंबामागे ४,००० रुपये, त्यातले २,००० खात्यावर आणि २,००० चं धान्य-किराणा. दोन्ही बाजूंना खूश करणारी ही विभागणी होती आणि दोन्ही बाजूंनी टीका झाली, पण कल्पना म्हणून ती वाईट नव्हती. पाड्यावर डाळ आणि तेल पोहोचवणं सरकारनं केलं तर भाव चढत नाहीत. औषध, भाडं, बियाणं यांसाठी रोख लागतेच.

त्याच्या दोन वर्षं आधी, जुलै २०१८ मध्ये, आदिवासी वसतिगृहातल्या मुलामुलींनी पुण्याहून नाशिकच्या दिशेनं पायी मोर्चा काढला होता. सरकारनं वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यावर द्यायचं ठरवलं होतं आणि मुलांचं म्हणणं होतं, पैसे नकोत, जेवण द्या. सिन्नर तालुक्यात पोलिसांनी मोर्चा अडवला. ज्यांच्या हातात रोख पडणार होती तेच ती नाकारत होते, हे तेव्हा अनेकांना चमत्कारिक वाटलं. त्यात चमत्कारिक काही नव्हतं. हप्ता तीन महिने रखडला तर खानावळवाला उधार किती दिवस ठेवणार? आणि घरी बाप आजारी असेल तर मुलगा जेवणाचे पैसे जेवणावर खर्च करेल, की अर्धे घरी पाठवेल?

झारखंडमध्ये रांचीजवळच्या नगडी भागात २०१७ च्या ऑक्टोबरपासून रेशनबाबत असाच प्रयोग झाला. एक रुपया किलोचा तांदूळ बंद, त्याऐवजी अनुदान खात्यावर आणि मग रेशन दुकानातून पूर्ण भावानं खरेदी. लोकांनी आधी बँकेत जाऊन पैसे पडले का बघायचं, मग केंद्रावर जाऊन काढायचे, मग दुकानात. एका पोत्यासाठी तीन रांगा. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला.

पैसे 'खात्यावर जाणं' आणि 'हातात येणं' यांच्यात केवढं अंतर असतं! अंगठा लागत नाही, कारण आयुष्यभर नांगर-विळा धरून बोटांच्या रेषा झिजल्यात. आधारवर वय चुकलंय. आधार एका बँकेला जोडलंय आणि म्हातारी विचारतेय दुसऱ्या बँकेत. आता ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पुन्हा पडताळणं; त्यात नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही मागितलं गेलं. नवरा वारलेल्या किंवा टाकलेल्या बाईनं कुणाचं आधार द्यायचं, हा प्रश्न 'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीत खराखुरा आला. चाळणी लावायलाच हवी. हजारो पुरुषांनी या योजनेचे पैसे उचलल्याचं उघड झालं होतं. पण चाळणी बारीक केली की खडे अडकतात तसे दाणेही अडकतात, आणि अडकलेला दाणा तहसीलला खेपा घालत बसतो. प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेला रोज. माझ्या मते या योजनांचा कारभार मोजायचा असेल तर किती बोगस नावं काढली याच्या शेजारी किती खरी नावं चुकून गेली हा आकडाही छापायला हवा.

महागाई हा शांतपणे पैसे कापणारा घटक. इराणनं डिसेंबर २०१० मध्ये इंधन आणि पावावरची सवलत काढून प्रत्येक माणसामागे महिन्याला ४,५५,००० रियाल द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला ती चांगली रक्कम होती. पुढे महागाई भडकली, रियाल घसरला, रक्कम मात्र तीच राहिली आणि काही वर्षांत तिच्यात फार काही येईना. आपल्याकडे याहून वाईट उदाहरण आहे. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयाच्या गरीब वृद्धांसाठी केंद्राचा वाटा जवळजवळ दोन दशकं महिना २०० रुपयेच आहे. राज्य आपली भर घालतं म्हणून रक्कम १,५०० होते. निवडणुकीत पंधराशेचे एकवीसशे करण्याचं आश्वासन दिलं जातं आणि त्यावर चर्चाही होते. दरवर्षी महागाईप्रमाणे रक्कम आपोआप वाढावी, अशी नीरस मागणी कुणाच्याच जाहीरनाम्यात शोभून दिसत नाही.

आणि पैसा कुठून येतो? 'लाडकी बहीण' जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६,००० कोटींचा अंदाज होता. २०२५-२६ साठी ३६,००० कोटींची तरतूद झाली. त्या वर्षी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांच्या निधीतून रक्कम या योजनेकडे वळवली गेली, तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. लाभार्थ्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या बायका आहेत, म्हणून त्या खात्यातून खर्च दाखवला तर काय बिघडलं, असं म्हणता येतं. पण आश्रमशाळेतल्या शिक्षकाचा, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या औषधाचा पैसा इकडे आला, तर त्या बाईला एका हातानं पंधराशे मिळतात आणि दुसऱ्या हातानं खाजगी दवाखान्यात द्यावे लागतात. ब्राझीलचा अर्धा टक्का इथे आठवावा.

राहिला तो सर्वांत अवघड प्रश्न: घर कायमचं वर येतं का? महिन्याच्या छोट्या रकमेनं सहसा नाही. त्यासाठी वेगळ्या प्रकारचा कार्यक्रम बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेनं २००२ पासून चालवला. अगदी तळाच्या घराला एकदाच गाय, शेळ्या किंवा दुकानाचा माल द्यायचा. ते जनावर विकून खाऊ नये म्हणून काही महिने खर्चापुरते पैसे द्यायचे. आणि कार्यकर्ता दर आठवड्याला घरी जाऊन शिकवणार, विचारपूस करणार. पश्चिम बंगालमध्ये 'बंधन' या संस्थेनं तो केला आणि संशोधकांनी त्या घरांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. ज्यांना काही मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा ही घरं दहाव्या वर्षीही जास्त कमावत आणि जास्त खर्च करत होती. गंमत म्हणजे हा फरक टिकला तो फक्त शेळ्यांमुळे नाही. हाताशी थोडं असल्यामुळे घरातली माणसं बऱ्या मजुरीच्या कामाला, अनेकदा दूर शहरात, जाऊ शकली. सुरगाण्याचा माणूसही जगायला बाहेर जातोच. उचल घेऊन भट्टीवर जाणं आणि खिशात भाडं ठेवून सातपूर-अंबडच्या कारखान्यात काम शोधायला जाणं, यांत मजुरीचा आणि सौदा करण्याच्या ताकदीचा फरक आहे. बंगालमधल्या त्या घरांना दुसऱ्या वाटेनं जाता आलं.